माझी माहिती कुणाकुणाला दिली?

प्रश्न : नोकरीनिमित्त म्युनिकमध्ये राहतो, पासपोर्ट भारतीय. एका समाजमाध्यम कंपनीकडे माझी कोणती माहिती आहे असं विचारलं, तर ‘सेटिंगमध्ये जाऊन फाइल डाउनलोड करा’ एवढंच उत्तर आलं. पुढे काय? (एक वाचक, म्युनिक)

उत्तर : पासपोर्ट कुठलाही असो, राहता युरोपीय महासंघात, तेव्हा तिथला जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, तुम्हाला लागू आहे. त्या फाइलमध्ये बहुतेक तुम्हीच टाकलेले फोटो आणि मेसेज सापडतील. माहिती कुणाला दिली, कुठून मिळवली, किती काळ ठेवणार, हे सहसा नसतं. कलम 15 खाली नेमकं तेच मागा. ‘सगळं द्या’ असं मोघम लिहिलं की पुन्हा तीच फाइल हातात पडते. ‘जाहिरात भागीदार’ असं गुळमुळीत उत्तर आलं तर नावं मागा. ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये तो हक्क मान्य केला आहे.

अर्ज हेल्पडेस्कला नको. प्रायव्हसी पॉलिसीत डेटा संरक्षण अधिकाऱ्याचा संपर्क दिलेला असतो. खात्याला जोडलेल्या ईमेलवरूनच तिथे लिहा, म्हणजे ओळख पटवायला पासपोर्ट मागण्याचं निमित्त उरत नाही. मागितलाच तर फोटो आणि क्रमांक झाकून प्रत द्या. उत्तराची मुदत एक महिना. किचकट अर्जाला आणखी दोन महिने घेता येतात, पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं.

मुदत टळली की तक्रार करा, तीही आन्सबाखला. म्युनिक ज्या राज्यात येतं त्या बव्हेरियात माहिती संरक्षणाची दोन कार्यालयं आहेत आणि गफलत इथेच होते : म्युनिकचं सरकारी खात्यांसाठी, आन्सबाखचं खासगी कंपन्यांसाठी. मेटा किंवा गूगल असेल तर प्रकरण आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाकडे जातं, कारण त्यांची युरोपातली मुख्यालयं डब्लिनला. तिथे मात्र दम धरावा लागेल. मेटाला मे 2023 मध्ये झालेल्या 120 कोटी युरोंच्या दंडाची चौकशी ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली होती.

प्रश्न : भारतात असं विचारता येतं का? दंडाचे पैसे आपल्याला मिळतात का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हक्क आहे, माहिती ज्यांना दिली त्यांची नावंही मागता येतील. पण नोव्हेंबर 2025 च्या अधिसूचनेनुसार हा भाग 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतो. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत, तो जातो सरकारी तिजोरीत. तुम्हाला छदामही नाही. उलट खोटी तक्रार केलीत तर 10,000 रुपयांपर्यंत दंड तुम्हालाच.