रिफ्राइड बीन्स, म्हणजे शिजवून, परतून घोटलेले मेक्सिकन बीन्स, पहिल्यांदाच करताय?

पिंटो बीन्स मिळाले नाहीत तर चित्रा राजमा घ्या, बिनधास्त चालतो. रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात अर्धा कांदा, दोन लसूण पाकळ्या घालून कुकरला लावा. दाणा बोटांत दाबला की लोण्यासारखा फुटायला हवा; कणी लागली तर आणखी शिट्ट्या. शिजवलेलं पाणी मात्र ओतू नका, चव त्यातच असते. परतायला मेक्सिकोत डुकराची चरबी वापरतात. आपण तेल घेऊ, पण हात आखडता नको. कांदा परतून बीन्स कढईतच घोटा, लागेल तसं ते पाणी घाला. उलथनं फिरवल्यावर क्षणभर तळ दिसला की गॅस बंद. सैल वाटलं तरी राहू द्या, गार होताना आळतं. आणि कृपा करून गरम मसाला घालू नका!