सीईए आणि सीए १९-९ नॉर्मल आले, म्हणजे जठराचा कर्करोग नाही असे समजावे का?

आपण लिहिले आहे की वडिलांना जठराचा कर्करोग झाला होता, आपले वय ४४ आहे, सध्या कसलाही त्रास नाही आणि आरोग्य तपासणीत केलेल्या सीईए व सीए १९-९ या कर्करोगाच्या खुणा (मार्कर) रक्तात मोजणाऱ्या दोन्ही चाचण्या मर्यादेत आल्या आहेत. तेव्हा निश्चिंत राहावे, की रक्तातील आणखी एखाद्या प्रथिनाची चाचणी करावी, असा आपला प्रश्न आहे. मी जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम करतो आणि असा अहवाल पाहून सुटकेचा निःश्वास टाकणारी माणसे मला नेहमी भेटतात, म्हणून उत्तर आधीच देतो: या दोन आकड्यांवर निश्चिंत होऊ नये.

सीईए हे प्रथिन १९६५ साली माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सापडले. ते केवळ कर्करोगाचेच असावे, ही सुरुवातीची आशा फार काळ टिकली नाही. निरोगी आतड्याच्या पेशीही ते थोडेफार तयार करतात. मात्र या पेशींना वरची आणि खालची अशी दिशा असते आणि सीईए वरच्या बाजूने पोकळीत सोडले जाऊन मलावाटे निघून जाते. गाठ वाढून ही रचना मोडली आणि पेशी खालच्या थरांत, रक्तवाहिन्यांपर्यंत घुसल्या, की मग ते रक्तात लक्षणीय प्रमाणात येऊ लागते, आणि तेथेही यकृत त्यातील बराच भाग गाळून काढते. जठराचा प्रारंभिक कर्करोग म्हणजे जठराचे सर्वांत आतले श्लेष्मल आवरण आणि त्याच्या लगतचा थर एवढ्यापुरताच मर्यादित असलेला कर्करोग. तो कित्येकदा काही मिलिमीटरांचा असतो. ज्या टप्प्यावर तो सापडायला हवा, नेमक्या त्याच टप्प्यावर रक्तातील आकडा बहुतेकांमध्ये नॉर्मल असतो. उलट, कर्करोग नसतानाही धूम्रपान करणाऱ्यांमध्ये आणि यकृताच्या आजारात हा आकडा वाढलेला दिसतो.

सीए १९-९ ची गोष्ट आणखी विचित्र आहे. काटेकोरपणे पाहिले तर ते प्रथिन नसून प्रथिनांवर बसणारी साखरेची एक रचना आहे, आणि सुमारे ५ ते १० टक्के लोकांमध्ये ती रचना घडवणारे विकरच (एन्झाइम) जन्मतः काम करत नाही. अशा माणसाचा कर्करोग कितीही पसरला तरी त्याचा आकडा जवळजवळ शून्यच राहतो. याउलट पित्तनलिकेत खडा अडकला तरी तो आकडा भरमसाट वाढतो. निदान झाल्यानंतर, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर आजार उलटतो आहे का हे पाहण्यासाठी, दोन्ही चाचण्या उपयोगी पडतात. निरोगी माणसाची चाळणी करण्यासाठी नाही.

मग रक्तातील कोणतेच प्रथिन कामाचे नाही का? एक आहे, पेप्सिनोजेन, पण ते गाठीबद्दल बोलत नाही, ज्या जमिनीत गाठ उगवते त्या जमिनीबद्दल बोलते. जठराच्या वरच्या व मधल्या भागातील ग्रंथी पेप्सिनोजेन १ तयार करतात. पेप्सिनोजेन २ मात्र जठराच्या खालच्या भागात आणि ग्रहणीतही (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) तयार होते. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे वर्षानुवर्षे दाह राहिला की ग्रंथी झडू लागतात, पहिले पेप्सिनोजेन घटते, दुसरे फारसे घटत नाही, आणि दोहोंचे गुणोत्तर खाली येते. जपानमध्ये पेप्सिनोजेन १ हे ७० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी आणि गुणोत्तर ३ किंवा त्याहून कमी, ही मर्यादा वापरात आहे. तिच्या आत येणाऱ्याला कर्करोग आहे असे नव्हे, तर त्याने जठराची दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) करून घ्यावी, एवढाच तिचा अर्थ. ग्रंथी न झडताही होणारा विखुरलेल्या पेशींचा कर्करोगाचा प्रकार या चाचणीतून निसटू शकतो, आणि आम्लता कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे पेप्सिनोजेन वाढलेले दिसते.

अनेक प्रथिने एकत्र मोजणाऱ्या नव्या चाचण्यांच्या बातम्याही आपण वाचल्या असतील. त्यांची अडचण समजायला एक आकडा पुरे: सीईएची मर्यादा मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅम असते, आणि त्याच मिलिलिटरात अल्ब्युमिन हे रक्तातील नेहमीचे प्रथिन सुमारे ४ कोटी नॅनोग्रॅम असते; एवढ्या गर्दीतून इतके थोडे प्रथिन अचूक मोजायचे असते. समजा, हे साधले आणि ९० टक्के रुग्ण पकडणारी, ९५ टक्के निरोग्यांना निरोगी ठरवणारी चाचणी हाती आली. एक लाख लोकांत ५० रुग्ण धरले, तर ती ४५ जणांना पकडेल आणि सुमारे ५,००० निरोगी माणसांना उगाच घाबरवेल. रुग्णालयातील ज्ञात रुग्णांवर उत्तम ठरलेल्या चाचण्या सर्वसामान्यांत फिक्या पडतात, त्या बऱ्याच अंशी या हिशेबामुळे.

आपल्या जागी मी असतो, तर नवे मार्कर शोधण्याऐवजी पोटविकारतज्ज्ञांना भेटून दुर्बिणीच्या तपासणीविषयी विचारले असते. दक्षिण कोरियात तर चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी ती सर्वांनाच देऊ केली जाते. दुसरे म्हणजे हेलिकोबॅक्टरची तपासणी. कोरियातच रुग्णांच्या आईवडील, भावंडे व मुले अशा जवळच्या नातलगांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिवाणूवर उपचार मिळालेल्या गटात सुमारे नऊ वर्षांत १.२ टक्के लोकांना, तर उपचार न मिळालेल्या गटात २.७ टक्के लोकांना हा कर्करोग झाला. आपल्या भावंडांनाही ही तपासणी सुचवावी. ती रक्तातील प्रतिपिंडांवरून (अँटिबॉडींवरून) न करता श्वासाची किंवा मलाची करावी, कारण संसर्ग गेल्यावरही प्रतिपिंडे दीर्घकाळ रक्तात राहतात. आम्लतेच्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे आधीपासून बंद असावी लागतात. त्या चालू असतील तर कशा थांबवायच्या, हे आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे.