जेएस ३३५ आणि उत्पादनाचा मार्कर

प्रश्न असा आहे: एखाद्या शोधनिबंधातला उत्पादनाचा क्यूटीएल (उत्पादनासारख्या गुणावर परिणाम करणारा गुणसूत्राचा भाग) एसएसआर मार्करच्या (डीएनएतल्या छोट्या, पुनःपुन्हा येणाऱ्या तुकड्याची खूण) मदतीने जेएस ३३५ या सोयाबीनच्या वाणात आणला, तर उत्पादन वाढेल का?

एकाच क्यूटीएलच्या भरवशावर राहू नका. पीआय ४०७३०५ या रानटी सोयाबीनमधल्या क्यूटीएलने मूळ संकरात सुमारे ९ टक्के वाढ दाखवली होती. तोच सहा सुधारित वाणांच्या पार्श्वभूमीत तपासला, तर फक्त दोनांत फरक पडला. शिवाय उत्पादनाचे बरेच क्यूटीएल खरं म्हणजे पक्वतेचे असतात. झाड आठवडाभर उशिरा पिकतं म्हणून शेंगा जास्त! हलक्या जमिनीत, सप्टेंबरात पाऊस उघडला की तो फायदा उलटतो. म्हणून क्यूटीएल ई१ ते ई४ या पक्वता ठरवणाऱ्या जनुकांजवळ तर नाही ना, ते आधी बघा.

तरी करायचंच असेल तर मार्कर दोन्ही पालकांवर, म्हणजे जेएस ३३५ आणि क्यूटीएल देणारा डोनर यांच्यावर, चालवून बँड (जेलवर दिसणारे डीएनएचे पट्टे) वेगळे येतात का पाहा. दोन-चार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) फरक साध्या अगारोज जेलवर दिसत नाही, पॉलिअॅक्रिलामाइड जेल लागतं. क्यूटीएलच्या एकाच बाजूला ५ सेंटिमॉर्गनवर (दर पिढीत सुमारे ५ टक्के वेळा दोघं वेगळे होतील इतक्या अंतरावर) मार्कर असेल, तर तीन बॅकक्रॉसमध्ये (जेएस ३३५शी पुन्हा पुन्हा केलेल्या संकरांत) सुमारे १४ टक्के वेळा बँड राहतो आणि क्यूटीएल निसटतो. दोन्ही बाजूंना मार्कर घ्या.

पहिल्या संकरात पांढऱ्या फुलांचा डोनर मादी ठेवा. जेएस ३३५ जांभळ्या फुलांचं आहे, त्यामुळे खऱ्या एफ१ (पहिल्या संकरित पिढीच्या) रोपाचं बीजदलांखालचं देठ जांभळं दिसतं. हिरवं दिसलं तर ते स्वपरागित, उपटून टाका. बॅकक्रॉसला मात्र जेएस ३३५ मादी करा. मग डोनरचा बँड दिसला की संकर खरा, वेगळी तपासणी नको. एफ१ला मादी केलंत तर स्वपरागित रोपातही तो बँड येतो आणि घोळ होतो.

दर बॅकक्रॉसला गुणसूत्रावरच्या एका जागेसाठी किमान ५ रोपं, दोन जागांसाठी ११ हवीत, तर ९५ टक्के खात्रीने एक तरी हवं ते रोप मिळतं. एका फुलातून एक ते तीनच दाणे येतात आणि बरीच संकरित फुलं गळतात, तेव्हा कळ्या भरपूर घ्या. मार्कर तपासणीसाठी कोवळं पान तिसऱ्या आठवड्यातच काढा: जेएस ३३५ पस्तीस-चाळीस दिवसांत फुलतं, निकाल त्याआधी हातात नसेल तर हंगाम गेला.

उत्पादनाची निवड एकट्या झाडावर करू नका. बीसी२ (दुसऱ्या बॅकक्रॉस) नंतर स्वपरागण करून स्थिर झालेले वंश जेएस ३३५च्या शेजारी लावून, कडेच्या ओळी सोडून, दोन-तीन ठिकाणी तोला. पक्वतेचे दिवस प्रत्येक वेळी लिहून ठेवा.