पावसाळ्यात गुडघा बदलावा का?

प्रश्न : माझ्या आईचा (वय ६८, मधुमेह आहे) गुडघा बदलायचा आहे. तारीख जुलैची मिळाली. पावसात जंतू फार, दिवाळीनंतर करा, असं शेजारी सांगतात. लॅमिनार फ्लो (गाळलेली हवा एकाच दिशेने सोडणारी यंत्रणा) नसलेल्या ऑपरेशन थिएटरात जाऊच नका, असंही कोणी म्हणालं. काय करावं?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : आधी आईंचे पाय बघा. भातलावणीच्या चिखलात उतरल्या असतील तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील, जांघेत नायटा असेल. ते पूर्ण बरं होईपर्यंत तारीख पुढे ढकला. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ८ च्या वर असेल तरीही थांबा. कृत्रिम सांध्याच्या धातूवर जंतू चिकट थर करून बसतात आणि मग औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही; बऱ्याचदा सांधाच काढावा लागतो. गुडघ्यावर घरी वस्तरा फिरवू नका. बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर रुग्णालयात क्लिपरने काढतात.

लॅमिनार फ्लोवर अडून बसू नका. संसर्ग टाळण्यासाठी सांधेरोपणात तो वापरू नये, असंच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सुचवलं. त्यापेक्षा थिएटरचं दार किती वेळा उघडतं ते महत्त्वाचं. दर उघडझापीला आतल्या हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत शिरते. एक्स-रेवरून माप आधी काढून त्याच्या आगेमागच्या मापांचे सांधेही आत ठेवले, तर ‘ती साईज आणा’ म्हणून सांधे पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाच्या होणाऱ्या फेऱ्या वाचतात. हे फुकटात होतं, तरी होत नाही!

कोकणातला खरा त्रास दमटपणाचा. थिएटरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत हवी. रात्री एसी यंत्रणा पूर्ण बंद ठेवली की हवेच्या डक्टमध्ये ओल धरून बुरशी येते. ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) निघालेला हत्यारांचा गठ्ठा ओलसर असेल तर तो निर्जंतुक धरायचा नाही, कारण ओलीतून जंतू आत झिरपतात. तो उघडून, नव्याने बांधून पुन्हा ऑटोक्लेव्हला लावायचा.

डॉक्टरांना अँटिबायोटिकची वेळ जरूर विचारा. सेफाझोलिन २ ग्रॅम (वजन १२० किलो किंवा जास्त असल्यास ३) छेदाआधीच्या ६० मिनिटांत, आणि मांडीचा टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) फुगवण्याआधी पूर्ण गेलेलं हवं. नंतर दिलं तर ते गुडघ्यापर्यंत पोचतच नाही. शस्त्रक्रिया ४ तासांवर लांबली तर पुन्हा डोस. पेनिसिलिनची गंभीर अॅलर्जी असल्यास आधीच सांगा: बदली दिलं जाणारं व्हँकोमायसिन सावकाश, तासाभराहून जास्त वेळ सलाइनमधून द्यावं लागतं.