दुखत नाही म्हणून थांबू नका: पॉटरी स्टुडिओ आणि काच खाणारं ॲसिड

काच आणि ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर) ॲसिडने कोरण्याबद्दल कोल्हापुरातल्या मातीकाम करणाऱ्यांची जी पत्रं येतात, त्यांत एकच गोंधळ दिसतो. फाउंड्रीतलं, हुपरीच्या चांदीकामातलं आणि संडासात ओतायचं अशी सगळी ॲसिडं एकाच जातीची समजली जातात. ती तशी नाहीत. काच खातं ते हायड्रोफ्लोरिक ॲसिड, आणि ते वेगळंच वागतं.

संडास साफ करायच्या ॲसिडने काचेवर नक्षी उठेल का? (राजारामपुरी)

नाही. ते हायड्रोक्लोरिक असतं. काच तशीच राहते आणि वाफ मात्र तुमच्या छातीत जाते.

‘ॲसिड-फ्री’ लिहिलेलं एचिंग क्रीम ऑनलाइन मागवलंय. सुट्टीच्या शिबिरात मुलांकडून वापरून घेतलं तर चालेल ना? (ताराबाई पार्क)

मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. ‘ॲसिड-फ्री’ ही विक्रेत्याची शब्दांची चलाखी आहे. अशा क्रीममध्ये बहुतेक वेळा अमोनियम किंवा सोडियम बायफ्लोराइड असतं. ओलावा मिळाला की त्यातून हायड्रोफ्लोरिक ॲसिड सुटतं. काच खातं ते हेच. विक्रेत्याकडून सेफ्टी डेटा शीट (घटक आणि धोके सांगणारा कागद) मागा आणि तिसऱ्या विभागात घटक वाचा. ‘फ्लोराइड’ किंवा ‘बायफ्लोराइड’ दिसलं, किंवा शीट द्यायला टाळाटाळ झाली, तर डबा न उघडता परत करा.

मुलांना नक्षीच शिकवायची असेल तर कच्च्या मातीवर शिकवा. भांडं पूर्ण वाळू द्या. फर्निचर पॉलिशवाल्यांकडची चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवा आणि ब्रशने नक्षी काढा. वाळली की ओल्या स्पंजने हलक्या हाताने पुसत जा. लाखेखालची माती तशीच राहते, आजूबाजूची झिजते आणि नक्षी उठून दिसते. स्पंज फार ओला ठेवलात तर भांडं बसेल. लाख बिस्किट फायरिंगमध्ये (ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीत) जळून जाते, तेव्हा खोली हवेशीर ठेवा.

ग्लेझची चकाकी मारायला मित्राने कुठूनतरी आणलेलं ‘काचेचं ॲसिड’ वापरलं. थोडं बोटाला लागलं, पण झोंबलं नाही म्हणून सोडून दिलं. आता नखाखाली ठणका आहे, वर मात्र काहीच दिसत नाही. खायचा सोडा लावू का? (शाहूपुरी)

सोडा नको, हळद नको, टूथपेस्ट नको. वाचत बसू नका, सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा आयसीयू असलेल्या जवळच्या कोणत्याही रुग्णालयात जा. ‘हायड्रोफ्लोरिक ॲसिड’ हे नाव कागदावर लिहून न्या, बाटलीच्या लेबलाचा फोटोही घ्या. नुसतं ‘ॲसिड लागलं’ म्हणालात तर साध्या भाजण्याचं मलम लावून घरी पाठवतील.

बाकीच्यांनी मात्र हे नीट वाचावं. बहुतेक ॲसिडं लागल्याक्षणी झोंबतात, म्हणून माणूस हात झटकून नळाखाली धरतो. हे ॲसिड 20 टक्क्यांहून पातळ असलं तर कळ यायला 24 तासही लागू शकतात. तोवर फ्लोराइड कातडीखाली उतरून पेशींमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून टाकत असतं. ते हाडापर्यंत पोचतं. जास्त लागलं किंवा तीव्र असलं तर रक्तातलं कॅल्शियम इतकं उतरतं की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून रुग्णालयात ईसीजी लावतात. सोड्याने आंबटपणा मरतो, फ्लोराइड तसंच राहतं. त्याला धरून ठेवतं ते कॅल्शियम.

लागल्याबरोबर कपडे आणि अंगठ्या काढा, वाहतं पाणी सोडा. 2.5 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ असेल तर पाच मिनिटं धुऊन जेल चोळायला लागा. चोळणाऱ्याने हातमोजे घालावेत. जेल नसेल तर किमान पंधरा मिनिटं धुवा आणि निघा. डोळ्यात गेलं तर फक्त पाणी, जेल नाही. जेल लावून ठणका थांबला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. हे जेल आधीच आणून ठेवायचं असतं, आणि ते कसं वापरायचं हे डॉक्टरांकडून समजून घ्यायचं असतं. ज्या स्टुडिओत ते नाही, तिथे ही बाटली एक दिवसही असता कामा नये.

चकाकीच मारायची असेल तर पाण्याखाली सिलिकॉन कार्बाइडचा पेपर चालवा, आधी 220, मग 400 नंबर. कोरडं घासू नका, ती धूळ फुप्फुसात जाते. त्याहून बरं, ग्लेझच मॅट बनवा.

आम्ही कोणतंही ॲसिड वापरत नाही, तरी भट्टीच्या खोलीतल्या खिडकीची काच धुरकट झालीय. पुसून जात नाही. (कळंबा)

जाणारही नाही, ती काच कोरली गेली आहे. मातीतच थोडं फ्लोरीन असतं आणि साधारण 800 अंशांच्या पुढे ते वाफेने जोरात बाहेर पडतं. ग्लेझमध्ये फ्लोरस्पार (फ्लोरीन असलेलं खनिज) असेल तर आणखी. काचेवर जे बसलं तेच भट्टीपाशी उभं राहणाऱ्याच्या नाकात गेलंय. भट्टीवर पंख्याचा हूड (वाफ ओढून घेणारं झाकण) बसवून पाइप थेट बाहेर काढा, आणि ताजी हवा आत यायला समोरच्या बाजूला जागा ठेवा, नाहीतर पंखा नुसता फिरत राहील. खोकला किंवा छातीत घट्टपणा असेल तर छातीच्या डॉक्टरांना भेटा.

एन-95 मास्क पुरेल का? (उद्यमनगर)

नाही. तो कण अडवतो, वाफ नाही.

उरलेलं ‘काचेचं ॲसिड’ पाणी घालून गटारात सोडलं तर? (बापट कॅम्प)

मुळीच नाही. गटाराचं पाणी शेवटी पंचगंगेत जातं. बाटली घट्ट बंद, उभी, प्लॅस्टिकचीच ठेवा. काचेच्या बाटलीत ओतलंत तर ॲसिड बाटलीच खाईल. सांडलं तर वाळू टाकू नका, वाळू म्हणजे सिलिका, तिच्याशी मिळून विषारी वायू सुटतो. खोली रिकामी करा, दार उघडं ठेवा आणि अग्निशमन दलाला 101 वर ॲसिडचं नाव सांगा. विल्हेवाटीसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात विचारा, आणि तोवर बाटलीला हात लावू नका.