रॉडच्या व्हायब्रेशनमध्ये डॅम्पिंग नेमकं कुठे घालायचं?

तू म्हणतोयस वेव्ह इक्वेशनमध्ये (रॉडमधल्या लाटेचं समीकरण) वेगाच्या प्रमाणात डॅम्पिंग, म्हणजे कंपन विझवणारी टर्म, घातलं तर सगळे मोड (रॉडच्या कंपनाचे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीचे प्रकार) सारखेच विझतात आणि खऱ्या रॉडमध्ये तसं होत नाही. तुझं गणित बरोबरच आहे, फक्त ती टर्म बाहेरच्या विरोधाची आहे, म्हणजे रॉड तेलात बुडवल्यासारखा, आणि तिने प्रत्येक मोडला एकच ऱ्हासाचा दर मिळतो.

ठाण्यात असशील तर वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपमधून १ मीटरचा स्टीलचा रॉड आण, बरोबर मधोमध दोन बोटांत धर आणि टोकावर लांबीच्या दिशेने हातोडी मार. आधी कर्कश खण्ण येतं, ते पटकन जातं आणि मग साधारण २५०० हर्ट्झचा स्वच्छ सूर बराच वेळ राहतो (स्टीलमध्ये ही लाट सेकंदाला ५००० मीटरच्या आसपास धावते आणि रॉडमध्ये अर्धी तरंगलांबी बसते, म्हणून). म्हणजे वरच्या फ्रीक्वेन्सीचे मोड आधी विझतात. हे फार सुंदर ऐकू येतं, खरंच करून बघ.

हे मॉडेलमध्ये आणायला केल्व्हिन-व्हॉइग्ट मॉडेल घे, त्यात ताण हा स्ट्रेन (लांबीतला सापेक्ष बदल) आणि स्ट्रेन बदलण्याचा दर या दोन्हींवर अवलंबून असतो, मग ऱ्हास फ्रीक्वेन्सीच्या वर्गाने वाढतो. धातूंसाठी हे वरच्या मोडना जरा जास्तच दाबतं, तिथे मला प्रत्येक मोडला मोजलेला डॅम्पिंग रेशो (तो मोड किती झपाट्याने विझतो ते सांगणारा आकडा) देणं जास्त पटतं. १० आवर्तनांत कंपनाची उंची निम्मी झाली तर रेशो ०.०११. आणि केल्व्हिन-व्हॉइग्ट घेतलंस तर कॉम्प्युटरवर सोडवताना एक्स्प्लिसिट स्कीम (पुढची स्थिती थेट आधीच्या स्थितीवरून काढणारी पद्धत) नको, रॉडचे तुकडे पाडणारी जाळी बारीक केली की टाइम स्टेप वर्गाने लहान करावी लागते, सरळ न्यूमार्कची इम्प्लिसिट पद्धत वापर, जिच्यात प्रत्येक स्टेपला समीकरणं एकत्र सोडवतात.