सी-आर्मचं चित्र छान येतंय, मग डोसची तपासणी कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑपरेशन थिएटरमधलं सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना हलतं एक्स-रे चित्र दाखवणारं मशीन) काही वर्षांचं झालंय, चित्र अजून उत्तम येतं, मग दर वर्षी डोस, म्हणजे किरणांची मात्रा, मोजून नेमकं काय कळतं? आणि आत उभं राहणाऱ्यांनी काय सांभाळायचं?

चित्र उत्तम येतंय, यातच खरी मेख आहे. साध्या एक्स-रेला केव्ही (किरणांचा जोर) आणि एमएएस (किरणांचं प्रमाण) तंत्रज्ञ ठरवतो. फ्लुरोस्कोपीत, म्हणजे सी-आर्मच्या सलग चित्रणात, पेडलवर पाय पडला की ते मशीन स्वतः ठरवतं. त्यातल्या ऑटोमॅटिक नियंत्रणाला, म्हणजे एबीसीला, एकच गोष्ट कळते: किरण टिपणाऱ्या डिटेक्टरला ठरलेला सिग्नल मिळेपर्यंत केव्ही आणि एमए (ट्यूबमधला विजेचा प्रवाह) वाढवत राहायचं. इमेज इन्टेन्सिफायर (किरणांचं उजळ चित्र करणारा डिटेक्टर) म्हातारा झाला किंवा दुरुस्तीनंतर कॅमेऱ्याची आयरिस (उजेड आत सोडणारी झडप) अर्धवट मिटलेली राहिली, तरी पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसत नाही. मशीन डोस वाढवून ती उणीव भरून काढतं आणि ती भर पेशंटच्या कातडीवर पडते. म्हणून तपासणीत मशीनपुढे दर वेळी तोच ‘पेशंट’ ठेवायचा आणि त्याच्यासाठी मशीन किती डोस खर्च करतं ते बघायचं.

हा पेशंट म्हणजे २० सेंमी जाडीचे ॲक्रिलिकचे ठोकळे. सी-आर्मवर डोस मोजायची रूढ जागा डिटेक्टरच्या पृष्ठभागापासून ट्यूबच्या दिशेनं ३० सेंमीवर आहे. ॲक्रिलिक डिटेक्टरला टेकवून ठेवलं की मीटर आणि ठोकळा यांच्यात १० सेंमी मोकळी जागा उरते, आणि ती हवीच असते. आयनीकरण चेंबर (हवेच्या पोकळीचा मीटर) ठोकळ्याला चिकटवलं तर मागे परतणारे किरणही त्यात मोजले जातात आणि आकडा तीस-चाळीस टक्क्यांनी फुगू शकतो. सॉलिड-स्टेट, म्हणजे सेमीकंडक्टरच्या, मीटरची खोड वेगळी. त्याच्या पाठीला बहुधा शिसं असतं, त्यामुळे मागून येणारे किरण तो मोजत नाही. पण तो चित्राच्या मधोमध ठेवला तर एबीसीला वाटतं की समोर जाड पेशंट आला, आणि केव्ही चढतो. आपण मग आपल्याच मीटरनं वाढवलेला डोस मोजत बसतो! तो मध्यापासून थोडा बाजूला ठेवा आणि पडद्यावरचा केव्ही मीटर ठेवण्याआधी व नंतर सारखाच आहे याची खात्री करा.

टेबल किरणांच्या वाटेतून बाहेर हवं. मोड, मॅग (चित्र किती मोठं केलंय), पल्स रेट (सेकंदाला किती झोत), ट्यूब ते डिटेक्टर अंतर आणि ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) आत की बाहेर, हे सगळं लिहून ठेवा. यातलं एक जरी बदललं तरी मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही. २० सेंमीनंतर तेच ३० सेंमीला करा, म्हणजे लठ्ठ पेशंटला मशीन कसं वागतं ते कळतं. डोस इतका उसळतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला मीटर बिघडला असं वाटतं.

मग कमाल मर्यादा. डिटेक्टरचं तोंड ३ मिमी शिशाच्या पत्र्यानं पूर्ण झाकायचं, मीटर पत्र्याच्या ट्यूबकडच्या बाजूला ठेवायचा आणि पेडल दाबायचं. मशीन धावत आपल्या टोकाला जातं. अमेरिकी नियमात ही मर्यादा नेहमीच्या मोडला मिनिटाला ८८ मिलीग्रे (ग्रे हे डोसचं एकक) आणि उच्च डोसच्या मोडला १७६ मिलीग्रे आहे. त्या उच्च मोडमध्ये पेडल दाबलेलं असेपर्यंत आवाज सतत आला पाहिजे. आकडा स्थिर झाला की लगेच पाय काढा, ट्यूब विनाकारण तापवू नका.

आकडे हातात आले की ते जोडीनं वाचा. माझ्या मते सगळ्या तपासणीत मोलाचं काम हेच, आणि बहुतेक रिपोर्टांत तेच नसतं. डोस वाढलाय आणि केव्ही-एमएही वाढलेत, तर दोष डिटेक्टरच्या बाजूचा: इन्टेन्सिफायरची चमक उतरली, आयरिस मिटली किंवा ग्रिड चुकीची बसली. डोस वाढलाय पण पडद्यावरचे केव्ही-एमए तेच आहेत, तर ट्यूबच्या बाजूला बघा. कोलिमेटर (झोताचा आकार ठरवणारा भाग) उघडून दुरुस्त केला असेल तर आतला फिल्टर परत बसवायचा राहिला नाही ना, ही पहिली शंका घ्यायची. अर्धमूल्य जाडी (झोत निम्मा करणारी ॲल्युमिनियमची जाडी) मोजली की ते लगेच उघडं पडतं. नव्या मशीनवर ८० केव्हीला ती किमान २.९ मिमी ॲल्युमिनियम हवी, १०० केव्हीला ३.६ मिमी. त्यापेक्षा कमी भरली तर मऊ किरण गाळले जात नाहीत. ते चित्राला काडीचा उपयोग न करता कातडीत मुरतात. आणि डोस घटलाय पण पडद्यावर मुंग्या (दाणेदारपणा) दिसतात, तर कुणीतरी सेटिंग बदललंय. ते चांगलं की वाईट, हे मशीन वापरणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पडद्यावरच्या डीएपीच्या, म्हणजे डोस गुणिले क्षेत्रफळ या, आकड्याची खातरजमा सोपी आहे. मीटर ज्या पातळीवर आहे तिथेच किरणांचं क्षेत्र मोजा आणि गुणाकार करा. १० बाय १० सेंमी क्षेत्र आणि ५ मिलीग्रे, म्हणजे ०.५ ग्रे·सेंमी². हाच आकडा एखादं मशीन ५०० मिलीग्रे·सेंमी² असा दाखवतं, तर दुसरं ५० मायक्रोग्रे·मी² असा. घोळ बहुतेकदा इथेच होतो, नोंदवहीत एकक लिहिलेलं नसतं. पडद्यावरच्या आणि मोजलेल्या आकड्यात ३५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. मला ही सूट सढळ वाटते, पण नियम तसा आहे.

चित्राच्या चाचण्या लवकर उरकतात. रेषांची पट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवायची, नाहीतर पिक्सेलच्या ओळींशी तिचं जाळं जमतं. पिक्सेल २०० मायक्रोमीटरचा असेल तर त्याच्या ओळींच्या दिशेनं मिलिमीटरला २.५ रेषाजोड्यांच्या वर खरं काही दिसूच शकत नाही. फिकट चकत्या किती दिसतात तेही मोजा, पण मोजणारी व्यक्ती आणि खोलीतला उजेड बदलू देऊ नका.

आता आत उभं राहणाऱ्यांचं. पेशंटपासून १ मीटरवर बाजूला येणारे विखुरलेले किरण ढोबळमानानं कातडीवरच्या डोसच्या हजाराव्या भागाइतके असतात. कातडीवर मिनिटाला २० मिलीग्रे पडत असेल तर १ मीटरवर मिनिटाला २० मायक्रोग्रे. एका केसला १० मिनिटं पेडल दाबलं तर उघड्या डोळ्यांना ०.२ मिलीग्रे, आणि वर्षाला अशा १०० केसेस म्हणजे २० मिलीग्रे. डोळ्याच्या भिंगाची मर्यादा नेमकी तेवढीच आहे. २०११ साली आयसीआरपीनं, म्हणजे किरणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं, ती वर्षाला १५० वरून पाच वर्षांच्या सरासरीनं २० मिलीसिव्हर्टवर (एक्स-रेसाठी मिलीग्रेइतकाच आकडा) आणली, आणि कुठल्याही एका वर्षात ती ५० च्या वर जाता कामा नये. शिवाय सर्जन १ मीटरवर नसतोच, तो अर्ध्या मीटरवर असतो, आणि तिथे हे चौपट होतं.

किरण सर्वांत जास्त विखुरतात ते जिथून शरीरात शिरतात त्या बाजूला. म्हणून ट्यूब टेबलाखाली आणि डिटेक्टर वर. उलटं केलं की तोच झोत तोंडावर येतो. लॅटरल, म्हणजे बाजूनं चित्र, घेताना डिटेक्टरच्या बाजूला उभे राहा. डिटेक्टर पेशंटच्या जितका जवळ आणि ट्यूब जितकी लांब, तितकं पेशंटचं आणि तुमचं दोघांचंही भलं. झोतात हात घालायचाच नाही, शिशाचा ग्लोव्ह घालून तर मुळीच नाही. ग्लोव्ह दिसला की एबीसी डोस चढवतं आणि ग्लोव्हनं वाचवलेलं बरंचसं परत देऊन टाकतं. पल्स रेट ३० वरून १५ केला की डोस निम्मा होतो असं धरून चालू नका. काही मशीन प्रत्येक पल्स जाड करून भरपाई करतात, तेव्हा मोजूनच खात्री करा.

पाच मिनिटांचा अलार्म वाजला की न बघता बंद करायची सवय सगळीकडे आहे. त्या क्षणी डीएपी आणि एअर कर्मा (हवेतला, आतापर्यंत साठलेला डोस) मोठ्यानं वाचायचा नेम ठेवा. कातडीवर साधारण २ ग्रेपासून तात्पुरती लाली येऊ शकते, ३ च्या आसपास केस गळतात. संदर्भबिंदूवर (पेशंटची कातडी असेल असं धरलेल्या ठरावीक जागी) ५ ग्रे झाले तर तशी नोंद करून पेशंटला पुढे काही आठवडे त्वचेवर लक्ष ठेवायला सांगायचं. डोस मोजणारे बॅज दोन असावेत, एक ॲप्रनच्या आत छातीवर आणि एक बाहेर कॉलरला.

शिशाचा ॲप्रन सी-आर्मखाली तपासा, पण ऑटोमॅटिकवर ठेवून नको. शिसं बघून मशीन केव्ही चढवतं आणि बारीक भेग त्यात पुसट होते. मॅन्युअलवर ६०-७० केव्ही ठेवा आणि घडीच्या जागा, खांदा व पट्ट्याभोवतीची शिलाई नीट बघा. भेगा तिथेच पडतात, कारण ॲप्रन खुर्चीवर दुमडून टाकलेला असतो.

दोन वार्षिक तपासण्यांच्या मधल्या काळासाठी मीटर लागत नाही. २ मिमी तांब्याचा पत्रा ट्यूबच्या तोंडावर टेपनं लावा. मोड, मॅग आणि अंतर दर वेळी तेच ठेवा, ॲप्रन घालून पाच सेकंद पेडल दाबा, आणि स्थिर झालेले केव्ही-एमए मशीनला टांगलेल्या वहीत तारखेसह लिहा. सलग दोन-तीन महिने केव्ही वर सरकताना दिसला, तर वर्ष पुरं व्हायची वाट न बघता इंजिनिअरला बोलवा आणि ती वही त्याच्यापुढे ठेवा.